काठावरून नदी कळत नाही

कयाक किंवा राफ्ट पाण्यात लोटण्याआधी नदीची स्थिती तपासायची, म्हणजे चार प्रश्नांची उत्तरे मिळवायची. नदीत या घडीला किती पाणी आहे? ते चढते आहे की ओसरते आहे? वरच्या अंगाला त्या पाण्याची किल्ली कोणाच्या हातात आहे? आणि उतरण्याच्या जागेपासून बाहेर पडण्याच्या जागेपर्यंत वाटेत काय काय आडवे येते? यांपैकी एकाही प्रश्नाचे पुरते उत्तर काठावर उभे राहून मिळत नाही. तरीही अनेक गटांचा निर्णय काठावरच होतो. ‘आधी तिथे पोचू, पाणी बघू, मग ठरवू’ हे वाक्य ऐकायला समंजस वाटते आणि त्यात सावधपणाही दिसतो. प्रत्यक्षात ते तपासणी टाळण्याचे वाक्य आहे. काठावर पोचेपर्यंत सुट्टी घेतलेली असते, गाडीभाडे आणि आगाऊ पैसे गेलेले असतात, लहान मुले लाइफ जॅकेट चढवून उभी असतात. त्या क्षणी ‘नको’ म्हणणे सर्वांत अवघड असते. म्हणून ‘नको’ म्हणण्याची वेळ घरून निघण्याआधीची असली पाहिजे.

या सवयीच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात, त्यांतले काही अज्ञानातून येतात, तर काहींत तथ्यही आहे. त्यांचा एकेक करून विचार करणे आवश्यक आहे, कारण चूक युक्तिवादाची किंमत नदीवर माणसाच्या जिवाने मोजली जाते.

‘पाणी डोळ्यांना दिसते आहे ना’

डोळ्यांना पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, आणि पृष्ठभाग फसवा असतो. स्वच्छ पाण्याचा तळ प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वर उचललेला भासतो. सरळ खाली पाहिले तर चार फूट खोली तीन फुटांची वाटते. गढूळ पाण्यात तळ दिसतच नाही. त्याहून मोठी फसगत वेगाची होते. पाणी कमी असते तेव्हा खडक उघडे पडतात, त्यांच्यावर आपटून फेस उडतो आणि आवाज मोठा होतो. पाणी वाढले की तेच खडक बुडतात, फेस कमी होतो आणि पृष्ठभाग सपाट दिसू लागतो. त्यामुळे नवख्या माणसाला ओसरलेली नदी रागावलेली आणि भरलेली नदी शांत वाटू शकते. जोर मात्र भरलेल्या नदीतच जास्त असतो.

तो जोर किती, हे साध्या गणिताने समजते. वाहत्या पाण्याचा माणसावरचा किंवा अडकलेल्या नावेवरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो आणि तिप्पट झाला तर नऊपट. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर दर सेकंदाला. गुडघाभर पाण्यातही पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि मागून असा प्रवाह येत राहिला, तर धडधाकट माणसालाही पुन्हा उभे राहणे अशक्य होते. काठावरून तेच पाणी ‘गुडघाभर’ दिसत असते.

शिवाय डोळ्यांना दिसतो तो एक क्षण. नदी चढते आहे की उतरते आहे, हे त्या क्षणात कळत नाही. त्यासाठी निदान पाण्याच्या कडेला काठी रोवून किंवा दगडावर खूण करून पंधरावीस मिनिटे थांबावे लागते. ‘पाणी बघू’ म्हणणाऱ्यांपैकी जो इतका वेळ खरोखर बघतो, तो निदान तपासणीच्या वाटेवर तरी आहे. बाकीचे नदीकडे नजर टाकतात. नजर टाकण्याला तपासणी म्हणता येत नाही.

‘ऊन पडले आहे, पावसाचा पत्ता नाही’

पाऊस नाही म्हणजे पाणी वाढणार नाही, हा समज सर्वांत घातक आहे. महाराष्ट्रात वल्हवण्यासाठी सर्वांत जास्त लोक जिथे जातात, त्या कोलाडच्या कुंडलिकेनेच तो खोटा ठरवला आहे.

कुंडलिकेत राफ्ट चालते ती मुख्यतः तिच्या स्वतःच्या पाण्यावर नाही. सह्याद्रीच्या पलीकडे मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. मुळा ही भीमेच्या, म्हणजे पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यातली नदी. तिचे पाणी स्वभावाने बंगालच्या उपसागराकडे जायचे. ते बोगद्यातून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहावर सोडले जाते, तिथून पुढच्या तळ्यात आणि खालच्या वीजगृहांतून कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. आता तिथे पाणी उलट वर चढवणारा संचही आहे. म्हणजे रावळजे ते कोलाड या पट्ट्यात नदीला किती पाणी असेल, हे कोलाडच्या आकाशात ठरत नाही. विजेची मागणी, संचांचे वेळापत्रक आणि वरच्या तळ्यातला साठा या गोष्टी ते ठरवतात. भर उन्हाळ्यात, आकाशात एक ढग नसताना, सकाळी कोरडे दिसणारे दगड थोड्याच वेळात पाण्याखाली जातात. कोलाडच्या राफ्टिंगच्या सहली बहुधा सकाळी निघतात, त्याचे कारणही हेच सोडलेले पाणी.

ही व्यवस्था समजून घेतली तर ती वल्हवणाऱ्याला सोयीची आहे, कारण पाणी केव्हा येणार हे आधी विचारून घेता येते. विचारले नाही तर तीच व्यवस्था सापळा बनते. यात लाटेचे गणित महत्त्वाचे आहे. वाढलेल्या पाण्याची लाट नदीच्या मूळ प्रवाहापेक्षा साधारण दीडपट वेगाने पुढे धावते. प्रवाह तासाला साडेपाच किलोमीटरचा असेल तर लाट तासाला आठ किलोमीटरच्या आसपास धावते. निघाल्यानंतर अर्ध्या तासाने वरून पाणी सोडले, तर पुढच्या साधारण तासाभरात ते प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या नावेला गाठते. मधल्या डोहात पोहायला थांबलेल्या गटाला तर ते आणखी लवकर गाठते. निघताना तपासलेली नदी आणि वाटेत भेटणारी नदी वेगळी असते, ती अशी.

या समजाची किंमत किती मोठी असू शकते, हे ८ जून २०१४ च्या संध्याकाळी हिमाचल प्रदेशातल्या थलौट इथे देशाने पाहिले. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मनालीच्या वाटेवर बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर छायाचित्रे काढायला उतरले होते. वरच्या लारजी प्रकल्पाच्या दरवाज्यांतून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल-व्यवस्थापक वाहून गेले. पात्रात पाऊस नव्हता. वीजनिर्मिती कमी करण्यात आली होती, त्यामुळे पाणी साठत गेले आणि ते दरवाज्यांतून सोडावे लागले. पुढे उच्च न्यायालयाने मृतांच्या पालकांना प्रत्येकी २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि तिचा भार वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार यांच्यावर वाटून टाकला. हे विद्यार्थी वल्हवायला गेले नव्हते, हे खरे. पण ज्या नदीच्या कडेला खडकावर उभे राहणाऱ्यालाही वरच्या दरवाज्याची खबर हवी, तिच्या मधोमध बसणाऱ्याला ती किती जास्त हवी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘मोबाइलवर हवामान पाहिले आहे’

हा युक्तिवाद आधीच्या दोहोंपेक्षा बरा आहे, कारण यात निदान काहीतरी पाहिलेले असते. पण जे पाहिले ते नदीचे नसते. पावसाचा अंदाज आणि नदीची स्थिती यांच्यामध्ये पाणलोट क्षेत्र, जमिनीची ओल, धरण आणि वेळ अशा चार गोष्टी उभ्या असतात.

अंदाज बहुधा गावाचा किंवा जिल्ह्याचा पाहिला जातो, आणि पाणी घाटमाथ्यावरून येते. सह्याद्रीत पायथ्याचे गाव आणि माथा यांच्या पावसात प्रचंड अंतर असते. म्हणूनच भारतीय हवामान विभाग घाट भागासाठी स्वतंत्र इशारे देतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस ‘मुसळधार’ धरला जातो आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. पण मुसळधार हा शब्द जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या मध्यावर नदीसाठी एकाच अर्थाचा नसतो. जूनमध्ये तहानलेली जमीन बरेच पाणी पिते. ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब असते, धरणे भरत आलेली असतात, आणि तेवढाच पाऊस जवळजवळ सगळाच्या सगळा नदीत उतरतो. धरण भरत आले की त्यातला साठा ठरलेल्या पातळीवर ठेवण्यासाठी सांडव्यावरून विसर्ग सुरू होतो. तो पाऊस थांबल्यावरही चालू राहू शकतो.

नदीच्या पातळीचे आकडे पाहणाऱ्यांचीही एक ठरलेली गफलत होते. रायगड जिल्ह्यात कुंडलिकेची पातळी डोलवहाळ बंधाऱ्यापाशी मोजली जाते. तिथे इशारा पातळी २३ मीटर आणि धोका पातळी २३.९५ मीटर आहे. महाडला सावित्रीसाठी हेच आकडे ६ आणि ६.५ मीटर आहेत. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट, सांगलीत कृष्णेसाठी आयर्विन पुलावर ४० आणि ४५ फूट. हे आकडे नदीची खोली सांगत नाहीत. ते त्या जागच्या मोजपट्टीवरचे आकडे आहेत. डोलवहाळची नदी महाडच्या नदीपेक्षा चौपट खोल आहे, असा त्यांचा अर्थ नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की इशारा आणि धोका या पातळ्या काठावरची घरे, शेते, पूल आणि रस्ते यांच्यासाठी ठरवलेल्या असतात. त्या राफ्टसाठी किंवा कयाकसाठी नसतात. नदी इशारा पातळीच्या बरीच खाली असतानाही तिच्यातला प्रवाह नवख्या वल्हेकऱ्याच्या आवाक्याबाहेर असू शकतो. ‘नदी धोक्याच्या पातळीखाली आहे’ ही बातमी काठच्या गावकऱ्याला दिलासा देणारी असते. तिच्या जोरावर नाव पाण्यात ढकलण्याचा परवाना काढता येत नाही.

‘आमच्या बापजाद्यांनी कधी आकडे पाहिले?’

परंपरेचा हा आधार ऐकायला भारदस्त आहे, पण परंपरेला अन्यायकारक आहे. कोकणातल्या मच्छीमारांनी आणि तरीवाल्यांनी तपासणी टाळली नव्हती. त्यांनी तिला हिशेबात बसवले होते. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की त्या दिवशीच्या भरतीची साधारण वेळ निघते, हा हिशेब मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आगेमागे येणारा भांग हे भेद त्या लोकांच्या बोलण्यात रोजचे आहेत. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच पुन्हा निघायचे, हा सणाच्या रूपातला सुरक्षिततेचा नियम आहे. नदीवरचा तरीवाला पाण्याचा रंग, वाहून येणारा पालापाचोळा आणि ठरलेल्या दगडाचे बुडणे पाहून फेऱ्या बंद करत असे. ‘नदीला उतार आहे की नाही’ हे माहीत असल्याशिवाय जुना वाटसरू पात्रात पाय घालत नसे. ‘उतार’, म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगी असणे, हा शब्दच त्या तपासणीची साक्ष देतो.

त्या माणसांजवळ आकडे नव्हते, पण एकाच नदीवर घालवलेले आयुष्य होते. शहरातून शनिवारी सकाळी येणाऱ्याजवळ ते आयुष्य नसते, म्हणून त्याला आकड्यांची गरज जास्त आहे. शिवाय अनेक नद्यांचे वरचे टोक आता धरणाला बांधलेले आहे. म्हाताऱ्या तरीवाल्यालाही वीजगृहाचे वेळापत्रक पाण्याच्या रंगावरून सांगता येणार नाही. जुन्यांचा वारसा सांगायचा असेल तर त्यांची शिस्त घ्यावी लागेल.

‘लाइफ जॅकेट आहे, पोहताही येते’

लाइफ जॅकेट आणि हेल्मेट सक्तीचीच असली पाहिजेत. पण ती अपघातानंतरची साधने आहेत. नदीत उतरावे की नाही, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. पोहण्याचे ज्ञान तर वाहत्या पाण्यात फार थोडे उपयोगी पडते, कारण तलावात पाणी जागेवर असते आणि माणूस हलतो, तर नदीत माणसाला हलवण्याचे काम पाणीच करते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे नदीवरचे बंधारे. महाराष्ट्रभर नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपत आला की त्यांच्या खांबांमध्ये बर्गे घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. बर्गे घातलेले असताना वरच्या बाजूने येणाऱ्या नावेला पुढे एक शांत, सपाट पाणी दिसते आणि बंधारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली पोचून उलटे वळते आणि पृष्ठभागावरचे पाणी पुन्हा बंधाऱ्याच्या भिंतीकडे ओढत राहते. त्या गोल फिरणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे लाइफ जॅकेटचाही तरंगण्याचा जोर कमी पडतो. बर्गे काढलेले असताना धोका वेगळा असतो. सगळा प्रवाह खांबांमधल्या गाळ्यांतून खेचला जातो आणि आडवी गेलेली नाव खांबाला चिकटून बसते. पुरानंतर वाटेत पडलेली झाडे हा तिसरा अडथळा. फांद्यांमधून पाणी निघून जाते आणि माणूस अडकून राहतो. या तिन्हींवर उपाय एकच आहे. ते कुठे आहेत हे आधी माहीत हवे आणि तिथे पोचण्याआधी काठाला लागता आले पाहिजे.

‘गाइड आहे, जबाबदारी त्याची’

व्यावसायिक सहलींबाबत हा युक्तिवाद निम्मा खरा आहे. पाण्याची तपासणी करणे हे आयोजकाचे कर्तव्यच आहे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याच्या चौकटीत आणले आहे. जो आयोजक पैसे घेतो, त्याने पाण्याची खबर न घेता नाव सोडणे अक्षम्य आहे.

पण कर्तव्य आयोजकाचे असले तरी प्रश्न विचारण्याचा हक्क ग्राहकाचा आहे आणि तो वापरला नाही तर कर्तव्यात ढिलाई येते. आज किती पाणी सोडले आहे, ते कोणाकडून कळले, कोणत्या पातळीला तुम्ही सहल रद्द करता, गेल्या हंगामात ती कधी रद्द केली होती, वाटेत मध्येच बाहेर पडायची जागा कुठे आहे? या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा गाइड विश्वासाला पात्र आहे. ‘काही होत नाही, रोजच जातो’ हे उत्तर देणारा नाही. रोज जाणे हा अनुभव आहे, पण रोज न मोजता जाणे ही केवळ नशिबाची साथ आहे. शिवाय अलीकडे स्वतःची कयाक घेऊन गाइडशिवाय निघणारे लोक वाढले आहेत. त्यांच्या बाबतीत ही जबाबदारी कोणावरही टाकता येत नाही.

‘माहिती मिळतेच कुठे?’

सर्व आक्षेपांत हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. माहिती आहे, पण ती विखुरलेली आणि तज्ज्ञांच्या भाषेत आहे. केंद्रीय जल आयोग देशभरच्या नद्यांची पातळी आणि पूर-अंदाज प्रसिद्ध करतो. २०२३ पासून त्याचे ‘फ्लडवॉच इंडिया’ नावाचे मोबाइल अ‍ॅपही आहे. राज्याचा जलसंपदा विभाग धरणांचे साठे आणि विसर्ग सांगतो, आणि जिल्हा प्रशासन नद्यांच्या पातळीचे दैनिक अहवाल काढते. हवामान विभागाचे ‘मौसम’, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ ही अ‍ॅप्स कोणालाही वापरता येतात. पण अमुक वीजगृहातून आज किती वाजता किती पाणी येणार, हे नदीत उतरण्याच्या जागेवर फलकावर लिहिलेले क्वचितच आढळते. ‘विसर्ग पाच हजार क्युसेकने वाढवला’ ही घोषणा काठच्या सामान्य माणसाला काय सांगते, हा विचार घोषणा करणाऱ्यांनी करायला हवा.

म्हणून ही मागणी न्याय्य आहे: ज्या नद्यांवर वल्हवण्याचा व्यवसाय चालतो, तिथे उतरण्याच्या प्रत्येक ठिकाणी पातळीची रंगीत पट्टी, पाणी सोडण्याच्या वेळेचा फलक आणि विसर्गाआधी वाजणारा भोंगा असलाच पाहिजे. हे सगळे बसवणे वीजगृह चालवणाऱ्यांना, जलसंपदा विभागाला आणि आयोजकांना मिळून सहज शक्य आहे. बियासच्या दुर्घटनेने शिकवलेला धडाही हाच आहे. मात्र माहिती मिळत नाही म्हणून तिच्याशिवाय उतरणे, हा या मागणीतून निघणारा निष्कर्ष नाही. डॉक्टरला तपासणीचा अहवाल मिळाला नाही तर तो शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. वरच्या पाण्याची खबर मिळाली नाही, तर त्या दिवशी नदीचे उत्तर ‘नाही’ असेच धरायचे.

‘एवढे तपासले तर साहस कुठे उरले?’

हा युक्तिवाद तरुणांना भुरळ घालतो. तो साहस आणि बेसावधपणा यांची गल्लत करतो. जगभरचे वल्हेकरी नदीच्या खळाळांना एक ते सहा अशी प्रत देतात. पहिल्या प्रतीत संथ वाहते पाणी, सहाव्यात जवळजवळ अशक्य वाट. कुंडलिकेचा राफ्टिंगचा पट्टा सामान्य पाण्यात दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत मोडतो. ही प्रत पाण्याबरोबर बदलते. तिसऱ्या प्रतीचा खळाळ दुप्पट पाण्यात चौथ्या प्रतीचा होऊ शकतो, किंवा बुडून नाहीसा होऊन त्या जागी मोठा भोवरा तयार होऊ शकतो. साहसी माणूस आपल्या कौशल्याला साजेशी प्रत निवडतो आणि मग तिच्याशी पूर्ण ताकदीने झुंजतो. प्रत माहीतच नसेल तर त्याने काहीच निवडलेले नसते. त्याच्या वतीने नदीने निवडलेले असते. गिर्यारोहक दोर तपासतो म्हणून त्याचे साहस उणे होत नाही.

तपासणीचा क्रम

या सर्व प्रतिवादांतून तपासणीची पद्धत आपोआप पुढे येते. पहिली पायरी नदीचा स्वभाव ओळखण्याची, कारण प्रत्येक प्रकारच्या नदीला वेगळा प्रश्न विचारावा लागतो. कुंडलिकेसारख्या नदीला विचारायचे: पाणी कोण, केव्हा सोडणार? गोव्यातल्या सत्तरीत पावसाळ्यात राफ्ट चालते त्या म्हादईला विचारायचे: गेल्या दोन दिवसांत घाटात किती पाऊस झाला? कोकण-गोव्याच्या खाड्यांत, खारफुटीतून कयाक नेताना विचारायचे: भरती केव्हा, ओहोटी केव्हा, उधाण आहे की भांग? ओहोटीत चिखलात अडकलेल्या कयाकला पुढच्या भरतीपर्यंत तिथेच थांबावे लागते. हिमालयातल्या बर्फाच्या नद्यांना विचारायचे: दिवस किती तापला? तिथे दुपारी वितळलेले बर्फ संध्याकाळी आणि रात्री पाणी वाढवते, म्हणून सकाळ तुलनेने सुरक्षित असते. ऋषिकेशला गंगेवरचे राफ्टिंग भर पावसाळ्यात बंद ठेवतात, त्यामागचे कारणही नदीचा ऋतूप्रमाणे बदलणारा स्वभाव.

दुसरी पायरी सहलीच्या दोन-तीन दिवस आधीची. घाट भागाचा पावसाचा अंदाज आणि वरच्या धरणांचे साठे पाहायचे आणि सहल रद्द करण्याची मर्यादा तेव्हाच लिहून ठेवायची. तिसरी पायरी आदल्या संध्याकाळची आणि निघण्याआधीची. त्या दिवशीचा विसर्ग आणि पातळी पाहायची, आदल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाणी चढते की ओसरते हे ठरवायचे आणि वरच्या अंगाच्या एखाद्या जबाबदार माणसाकडे फोन करून खात्री करायची. चौथी पायरी काठावरची. डोळ्यांची खरी जागा इथे आहे, म्हणजे शेवटी. काठी रोवून पाणी पाहायचे, रंग आणि वाहून येणारा कचरा पाहायचा, बंधारा आणि झाडे कुठे आहेत हे स्थानिकांना विचारायचे, बाहेर पडण्याच्या जागा ठरवायच्या. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, पाण्यावर ताजी पाने आणि काटक्या येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे यांपैकी काहीही दिसले की ताबडतोब काठ धरायचा आणि वर चढायचे. पाचवी पायरी परतल्यानंतरची. त्या दिवशीचा आकडा आणि नदी प्रत्यक्ष कशी वागली, हे वहीत लिहायचे. एकच क्युसेकचा आकडा अरुंद घळीत आणि रुंद पात्रात वेगळा वागतो, म्हणून प्रत्येक नदीची नोंद वेगळी. अशा दहा नोंदी झाल्या की आकडा बोलू लागतो. जुन्या तरीवाल्याजवळ आयुष्यभराच्या निरीक्षणातून जे होते, ते अशा वहीतून थोडेथोडे मिळवता येते.

या पाचही पायऱ्यांना मिळून फार तर दोन तास लागतात. त्यांच्या विरोधात मांडला जाणारा प्रत्येक युक्तिवाद शेवटी एकाच गृहीतावर उभा आहे: नदी म्हणजे समोर दिसते ते पाणी. ते गृहीत चुकीचे आहे. समोर दिसते ते पाणी काही तासांपूर्वी कुठेतरी वर होते, आणि नावेला पुढे भेटणारे पाणी आत्ता कुठेतरी वर आहे. त्याची खबर ज्याच्याजवळ नाही, त्याने त्या दिवशी नाव पाण्यात उतरवू नये.